दर पावसाळ्यात रंधा मशीनवर फळी खराब येते: आधी काय तपासावे

श्रावण लागला की माझा फोन वाजायला लागतो. गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, पेडणे भागातून, मधूनच फोंड्याहून. चतुर्थी तोंडावर आलेली असते. कुणाच्या हातात मखराचे काम असते, कुणाकडे चौरंगाचे, तर कुणाच्या घरची माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळे-पाने टांगायची, जुनी चौकट वाळवीने खाल्लेली असल्याने नवी करायची असते. तक्रार मात्र एकच, मशीनमधून फळी नीट निघत नाही. ‘नीट नाही म्हणजे कशी?’ असे विचारले की उत्तर येते, ‘खराब निघते हो.’ मग कळते की ब्लेड बदलून झाले, रोलरच्या स्प्रिंगा आवळून झाल्या, टेबल वरखाली करून झाले आणि फळी होती तशीच.

हे दर वर्षी होते. कारण आपण फळी न बघताच पाना हातात घेतो. कपचा उडणे, केस उभे राहणे, लाटा दिसणे, टोकाला खड्डा पडणे, भुशाचे ठसे उमटणे हे सगळे वेगवेगळे दोष आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर काही वेळा मूळ दोष वाढतो. पंधरा वर्षे मशीनवर काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की दोष लाकडात आहे, पात्यात आहे की मशीनच्या जुळणीत, हे ठरल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये.

साक्षीची फळी

मी कारखान्यात सागवानाची एक फळी बाजूला ठेवली आहे. लांबी दोन फूट, रुंदी चार इंच, तंतूंच्या रेषा सरळ, गाठ नाही, चांगली वाळलेली. तिला आम्ही साक्षीची फळी म्हणतो. एखादे लाकूड खराब निघाले की आधी ही फळी मशीनमधून काढायची. ती स्वच्छ आली तर मशीन निर्दोष आहे, लाकडाकडे बघा. तिच्यावरही तोच दोष आला तर मशीन किंवा पाती.

पुढची पायरी म्हणजे दोष असलेल्या फळीवर पेन्सिलीने बाण काढायचा. कोणते टोक आधी आत गेले ते त्यावरून कळते. मग फळीचे टोक बदलून, म्हणजे मागचे टोक पुढे करून, ती परत घालायची. दोष लाकडाच्या त्याच जागी राहिला, किंवा टोक बदलल्यावर नाहीसा झाला, तर तो लाकडाचा. पण नव्याने पुढे गेलेल्या टोकावरही तेवढ्याच अंतरावर, किंवा टेबलाच्या त्याच बाजूला आला, तर तो मशीनचा. पाच मिनिटांचे काम आहे. ते टाळल्यामुळे लोक अख्खा दिवस घालवतात, आणि एके काळी मीही घालवला आहे.

लाटा: वीज गेली म्हणून कळलेली गोष्ट

फणसाच्या चौरंगाचे काम होते. फळीवर आडव्या बारीक लाटा येत होत्या. हाताला फारशा लागत नव्हत्या, पण पॉलिशचा पहिला हात दिला की खिडकीच्या उजेडात पन्हळी पत्र्यासारख्या दिसायच्या. ब्लेड नवे होते. मी बेअरिंग गेली असे धरून चाललो होतो. फळी अर्धी आत असताना जोराचा पाऊस आला आणि वीज गेली. मी मेन स्विच बंद केला, बेड, म्हणजे फळीखालचे टेबल, खाली घेऊन फळी बाहेर काढली आणि दारात उजेडाला धरली. जिथे ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरता दंडगोल, थांबला होता तिथपर्यंतच्या लाटा स्पष्ट दिसत होत्या. सहज पट्टी लावून मोजल्या, तर १६ मिलिमीटरमध्ये १० लाटा.

आता हिशेब बघा. माझ्या मशीनचा ब्लॉक मिनिटाला ५००० फेरे घेतो, त्यात तीन पाती आहेत आणि फळी मिनिटाला ८ मीटर पुढे सरकते. तीन पाती म्हणजे मिनिटाला १५,००० काप. ८००० मिलिमीटरला १५,००० ने भागले की दोन कापांमधले अंतर साधारण अर्धा मिलिमीटर येते. एकच पाते कापत असेल तर ८००० भागिले ५०००, म्हणजे १.६ मिलिमीटर. माझ्या फळीवर नेमके १.६ होते. बेअरिंग ठीक होती. तीन पात्यांपैकी दोन नुसतीच फिरत होती आणि जे पाते केसभर वर होते ते एकटेच सगळे काम करत होते.

तेव्हापासून लाटा दिसल्या की मी आधी मोजतो. तुमच्या मशीनचे फेरे आणि फीडचा, म्हणजे फळी पुढे सरकण्याचा, वेग पाटीवर लिहिलेला असतो, तो घ्या आणि भागाकार करा. अंतर एका पात्याच्या हिशेबाचे निघाले तर पात्यांची उंची सारखी नाही. अंतर हिशेबाप्रमाणे बरोबर असूनही लाट डोळ्यांत भरत असेल तर फीड जास्त आहे. चांगल्या फर्निचरला दोन कापांमधले अंतर दीड मिलिमीटरच्या आत असावे. अंतर मधूनच लहान, मधूनच मोठे होत असेल तर पट्टा घसरतोय, साखळी ढिली आहे किंवा व्होल्टेज पडून मोटरचा दम जातोय. आमच्या वाड्यावर चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात संध्याकाळी हे हमखास होते, म्हणून मशीनचा शेवटचा हात मी सकाळी घेतो.

या लाटांची खोली किती असते? ब्लॉकचा व्यास १०० मिलिमीटर धरला तर १.६ अंतराच्या लाटेची खोली ०.००६ मिलिमीटरच्या आसपास येते. माणसाचा केस याच्या दहापट जाड असतो. तरीही तिरक्या उजेडात ती दिसते आणि पॉलिश तिला आणखी उठाव देते. म्हणून फळी तपासायची ती ट्यूबलाइटच्या बरोबर खाली नव्हे, तर दारात किंवा खिडकीत, उजेड बाजूने घेऊन.

पाती सारखी करण्यासाठी सरफेसरवर, म्हणजे फळीची एक बाजू सरळ करणाऱ्या मशीनवर, लाकडी पट्टीची जुनी रीत आजही उत्तम आहे. मेन स्विच बंद करा, प्लग काढा. एक सरळ, हलकी पट्टी मागच्या टेबलावर ठेवून तिचे टोक ब्लॉकवर येऊ द्या. टेबलाच्या कडेपाशी पट्टीवर रेघ मारा. ब्लॉक हाताने सावकाश फिरवा. पाते पट्टीला चाटून आपल्याबरोबर थोडे ओढून नेते. ती किती सरकली ते दुसरी रेघ मारून मोजा. तीन-चार मिलिमीटर सरकली तर ठीक. प्रत्येक पात्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये, तिन्ही पात्यांना, हे अंतर सारखे यायला हवे. थिकनेसरवर, म्हणजे फळीची जाडी सारखी करणाऱ्या मशीनवर, तिच्याबरोबर मिळालेले गेज किंवा डायल वापरा. उंचीत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका.

बोल्ट आवळताना पाते वर सरकते, हे बरेच जण विसरतात. मधल्या बोल्टपासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना थोडे थोडे आवळत जा आणि पूर्ण आवळल्यावर परत मोजा. धार लावून आणलेली पाती बसवण्याआधी वजन करून घ्या. एका पात्याला जास्त घासले असेल तर ते हलके होते, ब्लॉकचा तोल जातो आणि लाटा परत येतात. आमच्याकडे मी बाजारातल्या ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर तिन्ही पाती तोलून घेतो.

कपचा उडणे

गोव्यात सर्वांत जास्त छळणारा दोष हाच, म्हणून याला वेळ द्यायला हवा. पाते लाकूड कापण्याऐवजी त्याचे तंतू उचकटते आणि पृष्ठभागावर ओबडधोबड खड्डे पडतात. गाठीच्या आजूबाजूला जास्त, फणसात जास्त, जांभ्यात तर विचारू नका. (जांभा म्हणजे इथे झाड, चिरा नव्हे. पण रंधताना दोन्ही सारखेच वाटतात.)

पहिले कारण उलटी रेषा. भाताच्या लोंबीवरून देठाकडून टोकाकडे बोट फिरवले तर ते सरळ जाते, उलटे फिरवले तर दाण्यांची टोके बोचतात. लाकडाच्या तंतूंचेही तसेच. फळीच्या कडेवर, म्हणजे जाडीच्या बाजूवर, रेषा कशा उतरतात ते बघा. सरफेसरमध्ये पाते फळीच्या खालून कापते, म्हणून कडेवरच्या रेषा मागच्या टोकाकडे, म्हणजे तुमच्याकडे, खाली उतरत आल्या पाहिजेत. थिकनेसरमध्ये पाते वरून कापते. तिथे रेषा मागच्या टोकाकडे वर चढत गेल्या पाहिजेत.

आता इथेच निम्म्या लोकांची चूक होते. सरफेसरवर एक बाजू सरळ करून घेतली, ती बाजू खाली ठेवूनच फळी थिकनेसरमध्ये जाते. म्हणजे फळीची खालची बाजू खालीच राहिली, पण पाते खालून वर आले. रेषा आता उलट्या झाल्या. म्हणून सरफेसरवरून थिकनेसरकडे नेताना फळीचे टोक बदलायलाच हवे, जे टोक आधी आत गेले ते आता शेवटी. सरफेसरवर फळी सुंदर आली आणि थिकनेसरवर फाटली, अशी तक्रार असेल तर ९० टक्के वेळा मी एवढेच सांगतो आणि काम होते.

पण काही लाकडांत टोक बदलूनही फरक पडत नाही. फणस, जांभा, महोगनी, आंबा यांच्यात तंतू एकमेकांत गुंफलेले असतात. झाड वाढताना काही वर्षांचे तंतू उजवीकडे कलतात, पुढची काही वर्षे डावीकडे. फळी चिरली की एक पट्टा सुलट आणि शेजारचा उलट येतो. मट्टीच्या (ऐनाच्या) काही फळ्यांतही हे सापडते, जुन्या घरांचे वासे काढताना ते पदोपदी दिसते. अशा फळीला कोणत्याही बाजूने घाला, अर्धे पट्टे उलटेच असणार. मग काय करायचे?

धार अगदी ताजी हवी, ही पहिली अट. बोथट पाते सुलट लाकडात चालून जाते, गुंफलेल्या लाकडात नाही. सागवानात सिलिका असते, त्याने धार लवकर मरते. म्हणून दिवसभर सागवान काढून संध्याकाळी त्याच पात्यांवर फणस घेऊ नका, क्रम उलटा ठेवा. फीड कमी करा. फळी थोडी तिरकी घालता येत असेल तर घाला. शेवटचा हात हलका घ्या, अर्धा मिलिमीटर पुरे. याहून कमी घेण्याचा मोह होतो, पण ज्या मशीनचा आत ओढणारा रोलर दात्यांचा आहे, तिथे त्याचे ठसे पृष्ठभागावर उमटतात आणि फार उथळ कापात ते निघत नाहीत. रबरी रोलर असेल तर आणखी हलका हात चालेल.

शेवटच्या हाताच्या आधी फळीवरून ओला करून घट्ट पिळलेला फडका फिरवा. वरचे तंतू थोडे मऊ होतात आणि तुटण्याऐवजी कापले जातात. फडका ओला हवा, फळी भिजता कामा नये. फडका फिरवून लगेच मशीनमध्ये घाला, ठेवून देऊ नका.

आणि ज्यांचे सगळे काम फणस-महोगनीचेच आहे त्यांनी पात्याला पुढच्या बाजूने छोटा उतार काढून घ्यावा. बहुतेक ब्लॉकमध्ये पाते लाकडाला बऱ्यापैकी तीव्र कोनात भिडते. मऊ, सरळ लाकडाला ते चांगले, पण गुंफलेल्या लाकडात तेच पाते तंतूच्या खाली शिरून त्याला उचलते. पात्याच्या सपाट बाजूला, अगदी धारेपाशी, १० ते १५ अंशांचा बारीक उतार दिला की कोन कमी होतो, पाते खरवडल्यासारखे कापते आणि कपचे उडणे खूपच कमी होते. मोटरवर भार वाढतो आणि धार लवकर जाते, पण हा सौदा मला परवडतो. धार लावणाऱ्याला हे नीट समजावून सांगा, नाहीतर तो उतार घासून टाकून पाते ‘दुरुस्त’ करून देतो. स्पायरल ब्लॉक, म्हणजे छोट्या चौकोनी कार्बाइडच्या पात्यांचा, घेण्याची ऐपत असेल तर त्याने हा प्रश्न बराच सुटतो. एका पात्याची धार गेली की ते वळवून बसवायचे, चार बाजू मिळतात. पण तो महाग आहे, आणि वरचे सगळे करून बघितल्याशिवाय तो खर्च करू नका असेच मी सांगेन.

गाठीभोवती कपचा उडतोच. ती फळी मागच्या किंवा खालच्या बाजूला वापरा. दर्शनी भागात गाठ हवीच असेल तर एक मिलिमीटर जादा ठेवून तो शेवटचा मिलिमीटर सँडरने काढा.

केस उभे राहणे आणि रेषा उठणे

हा खरा पावसाळी दोष. फळीवर लोकरीसारखे बारीक तंतू उभे राहतात, हात फिरवला की खरखरीत लागते आणि पॉलिशचा फडका अडकतो. मूळ कारण ओलावा. पाते ओल्या तंतूला स्वच्छ कापू शकत नाही, तो वाकतो, पाते पुढे गेले की परत उभा राहतो. आंबा आणि रबराचे लाकूड यात जास्त त्रास देतात, कारण वाकून वाढलेल्या खोडात ताणलेले तंतू असतात आणि ते वाळल्यावरही केसाळच राहतात.

लाकूड हवेतला ओलावा घेतच राहते. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर लाकूड १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते, ८० टक्क्यांना १६ आणि ९० टक्क्यांना २० च्या जवळ. आता जुलैत डिचोलीची हवा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात सुकलेली फळी उघड्या शेडमध्ये ठेवली तर ऑगस्टपर्यंत ती परत ओली झालेली असते, वरून कोरडी दिसली तरी.

ओलावा मोजायचे यंत्र घ्या, दोन सुयांचे साधे पुरते. नसेल तर घरच्या ओव्हनवर करता येते. फळीच्या टोकापासून हातभर आतून एक छोटा तुकडा कापा, अगदी टोकाचा नको, तो नेहमी जास्त वाळलेला असतो. वजन करा, १०० ते १०५ अंशांवर वाळवा, दर तासाने वजन करत राहा. वजन उतरणे थांबले की तो पूर्ण कोरडा. आधी १२० ग्रॅम आणि शेवटी १०० ग्रॅम आले तर ओलावा २० टक्के. एवढ्यावर मशीनला दोष देऊ नका. आत, बंद खोलीत, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून रचा आणि १५ टक्क्यांच्या खाली आल्यावर काढा. चतुर्थीला दहा दिवस आहेत आणि लाकूड २२ टक्क्यांवर आहे, अशा वेळी गिऱ्हाइकाला खरे सांगावे. मी सांगतो. काही नाराज होतात, पण मखर भाद्रपदात वाकडे झालेले बघण्यापेक्षा ते बरे.

कुळागरातला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतला, फणस कापायची परवानगी काढून लोक लाकूड आणतात आणि दोन महिन्यांत देव्हारा मागतात. इंचभर जाडीची फळी हवेवर वाळायला आपल्याकडे वर्ष धरावे लागते, त्यातही पावसाळ्याचे चार महिने जवळजवळ वाया जातात.

रेषा उठणे हा याचाच भाऊ, पण उशिरा दिसतो. मशीनमधून फळी गुळगुळीत निघते, आठ दिवसांनी हात फिरवला की रेषा उंच-सखल लागतात. बोथट पात्याने लाकडाच्या कठीण रेषा खालच्या मऊ भागात दाबून टाकलेल्या असतात. दमट हवा मिळाली की मऊ भाग फुगतो आणि त्या वर येतात. म्हणजे इथे कारण पात्याच्या धारेत आहे, पावसाने ते फक्त उघडे पाडले. तपासायला फळीचा कोपरा ओल्या फडक्याने पुसा आणि वाळू द्या. रेषा उठल्या तर धार लावण्याची वेळ झाली. पॉलिशआधी एकदा फळी ओली करून, वाळवून, बारीक कागदाने घासली तर पुढचा धोका टळतो.

लांबच लांब उभी रेघ

फळीच्या पूर्ण लांबीत, एका कडेपासून ठरावीक अंतरावर, उंच रेघ आली की पात्याला खाच पडली आहे. तिन्ही पात्यांना एकाच जागी पडलेली असते, म्हणून ती कोणीच कापत नाही. उपाय अगदी सोपा आहे: एक पाते बाजूला मिलिमीटरभर सरकवा. त्या खाचेवरून दुसरे पाते जाते आणि रेघ गायब होते. धार लावण्याचा खर्च महिनाभर पुढे जातो.

खाच येते कुठून? अंगणातल्या झाडात ठोकलेले खिळे, कपडे वाळत घालायच्या तारा, जुन्या घराच्या वाशात राहिलेले लोखंड. सागवान किंवा मट्टीच्या फळीवर निळसर काळा डाग दिसला की आत लोखंड आहे असे धरा, लाकडातल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की तो रंग येतो. दुसरे म्हणजे लाल माती. ओंडका अंगणात लोळवला, वाहनात टाकला, तर चिऱ्याचा चुरा आणि खडी टोकांत रुतते. मी प्रत्येक फळीची टोके तारेच्या ब्रशने घासून, दोन्हीकडून इंचभर कापून मगच मशीनला लावतो.

टोकाला खड्डा

फळीच्या सुरुवातीला किंवा शेवटी दोन-तीन इंच जास्त कापले जाते. थिकनेसरमध्ये दोन रोलर असतात, मध्ये ब्लॉक. फळीचे टोक आत जाताना ते एकाच रोलरखाली असते, बाहेर पडतानाही एकाच. त्या वेळी दुसरे टोक लोंबत असेल तर ब्लॉकजवळचे टोक वर उचलते आणि जास्त कापले जाते. खड्ड्याची लांबी ब्लॉक ते रोलर या अंतराएवढी आली की कारण हेच.

लांब फळीचे बाहेरचे टोक आत जाताना किंचित वर उचलून धरा, निघताना बाहेर आलेले पुढचे टोक तसेच. मागून-पुढून आधार देणारे टेबल बेडच्या पातळीत हवे. एका मागोमाग एक फळ्या टोकाला टोक लावून घाला, खड्डा पहिल्या आणि शेवटच्या फळीलाच पडतो. बेडमधले छोटे रोलर फार वर असतील तर ते खाली घ्या. तरी राहिलाच तर फळी दोन्हीकडून चार इंच जादा ठेवून नंतर कापा. मी गावठी फणसासारख्या महाग लाकडात हे करत नाही, दोन्ही बाजूंना त्याच जाडीच्या लांब पट्ट्या चिकटवतो. त्या आधी आत जातात आणि शेवटी निघतात, खड्डा त्यांना पडतो.

सरफेसरवर फक्त शेवटी खड्डा येत असेल तर मागचे टेबल पात्यापेक्षा खाली आहे. टेबल उंच असेल तर फळीचे टोक त्याला अडते किंवा कड मध्ये फुगीर होते. दोन्हीचे औषध एकच, मागचे टेबल पात्याच्या सर्वांत वरच्या बिंदूच्या बरोबर पातळीत.

आखूड तुकडे मशीनमध्ये घालू नका. थिकनेसरच्या दोन रोलरमधल्या अंतरापेक्षा तुकडा लांब हवा, नाहीतर तो आत अडकतो किंवा गोळीसारखा मागे येतो. सरफेसरवर फूटभर लांबीखालचे काम हातरंध्याचे. ब्लॉक फिरत असताना हातमोजे नकोत, ढकलायला ठोकळा हवा. माझ्या ओळखीतल्या दोन माणसांची बोटे गेली आहेत, दोन्ही वेळा तुकडा वीतभर होता.

भुशाचे ठसे, डाग आणि बाकीचे

पृष्ठभागावर बारीक दबके दिसतात, पाणी लावले की काही फुगून नाहीसे होतात. हे भुशाचे ठसे. पाते कापलेला भुसा परत फिरवून आणते आणि बाहेर काढणारा रोलर तो फळीत दाबतो. पावसात भुसा दमट असतो, हुडमध्ये, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणात, चिकटून राहतो. भुसा ओढणारी पिशवी भरली आहे का, पाइप फाटला आहे का, हुडमध्ये गोळा साचला आहे का ते बघा. बहुतेक वेळा पिशवीच भरलेली असते.

ठरावीक अंतराने एकच दबका येत असेल तर ते अंतर मोजा. रोलरचा व्यास गुणिले ३.१४ एवढे आले, उदाहरणार्थ ६० मिलिमीटरच्या रोलरला १८८ च्या आसपास, तर रोलरवर चीक किंवा राळेची गाठ बसली आहे. फणसाचा चीक यात पटाईत. लोखंडी रोलर केरोसीनने पुसा. रबरी रोलरला थिनर लावू नका, रबर खराब होते, साबणाच्या पाण्याचा फडका पुरे.

काळपट, चकाकणारे पट्टे म्हणजे फळी अडकली आणि पाते एकाच जागी घासत राहिले. बेडवर साधी मेणबत्ती घासून फडक्याने पुसा, फळी सरकते. सिलिकॉनचा स्प्रे मारू नका, त्यावर पॉलिश डोळे पडल्यासारखे फाटते. खोबरेलही नको, डाग राहतो.

पावसाळ्यात रात्रीतून बेडवर गंज येतो, पात्यांच्या धारेवरही. गंजाने खाल्लेली धार नवी असूनही बोथटच. काम संपले की बेड पुसून मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या, आणि सकाळी फळी घालण्याआधी ते पूर्ण पुसा. वडिलांची जुनी रीत होती, पात्यांच्या डब्यात कापराच्या वड्या ठेवायच्या. मी अजूनही ठेवतो.

आणि मला फोटो पाठवणार असाल तर एवढे करा. फळी दारात न्या, उजेड बाजूने येऊ द्या, फोटोत पट्टी ठेवा. कोणते टोक आधी आत गेले त्याचा बाण पेन्सिलीने काढा. लाकडाचे नाव, शेवटची धार कधी लावली, आणि साक्षीची फळी कशी आली, हे तिन्ही लिहा.